कडीमागची कडी



ज्या सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण तेर गावी चालवीत आहात, त्यांना त्यांच्या उतारवयात मी दोनतीनदा पाहिले होते. कचेरीच्या आवारातील लिंबाखाली, एका लाकडी पेटीचेच मेज करून, ते लोकांचे अर्ज लिहीत बसलेले असत, आणि उभा तालुका त्यांना 'मुन्शीजी' याच नावाने ओळखत असे. उर्दू, मोडी आणि बाळबोध या तिन्ही लिप्या सारख्याच सफाईने वाचणारी ती पिढी आता सरली आहे. त्यांच्या नावाच्या मालेत बोलण्याचे आमंत्रण मला आले, तेव्हा विषयाची निवड चिटणिसांनी माझ्यावरच सोपविली होती. मी तगर नगरीच्या प्राचीन वैभवावर किंवा गोरोबाकाकांच्या चरित्रावर काही सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या दोन्ही विषयांत मला तुम्हांला शिकविता येईल असे काही नाही. मी पस्तीस वर्षे जिल्ह्याच्या न्यायालयात दिवाणी वकिली केली, दुसऱ्यांच्या घरांचे कज्जे लढविले, आणि निवृत्तीच्या वयात स्वतः एक घर घेण्यास निघालो, तेव्हा चौदा महिने ताटकळलो. त्या चौदा महिन्यांत जे कळले, ते पस्तीस वर्षांत कळले नव्हते. म्हणून आज मी जो विषय घेतला आहे तो व्याख्यानपीठास शोभण्याइतका उदात्त नसला तरी माझा स्वतःचा आहे: घर घेताना होणारा विलंब, आणि त्या विलंबात माणसाने कसे वागावे हा प्रश्न.

'घर पाहावे बांधून' असे आपले पूर्वज म्हणत आले. या म्हणीत बांधण्याचे कष्ट आहेत, घेण्याचे नाहीत, हे कधी कोणाच्या लक्षात आले आहे काय? कारण उघड आहे. ज्या काळी ही म्हण रूढ झाली, त्या काळी घर हे बांधावयाचे, वारशाने मिळावयाचे, भावाभावांत वाटावयाचे, फार तर सावकाराकडे गहाण पडावयाचे. एक घर विकून त्याच पैशाने दुसरे घर घेणे, हा मध्यमवर्गीयाच्या आयुष्यातील नित्याचा प्रसंग नव्हता. आज तो आहे. आणि ज्याला पहिले घर विकल्यावाचून दुसरे घेता येत नाही, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, त्याचा व्यवहार एकट्याचा कधीच राहत नाही. त्याच्या मागे एक गिऱ्हाईक असते, त्या गिऱ्हाइकाच्या मागे दुसरे असते, आणि पुढे ज्याचे घर घ्यावयाचे त्याच्याही पुढे कोणीतरी असतोच.

माझी साखळी अशी होती. पुण्यास चिंचवडच्या बाजूला एक सेवानिवृत्त गृहस्थ आपली सदनिका मला विकणार होते, कारण एका नव्या इमारतीतील मोठ्या सदनिकेचे राहिलेले हप्ते त्यांना फेडावयाचे होते. मला ती घ्यावयाची होती, कारण मुलगा तिकडे नोकरीस, आणि धाराशिवच्या आमच्या घराचा जिना माझ्या पत्नीच्या गुडघ्यांस झेपेनासा झालेला. पण पैसा होता तो त्या जिन्याच्या घरातच. ते घर घेण्यास आपल्या याच गावचे एक शेतकरी तयार झाले, मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी बिऱ्हाड हलवावयाचे होते. त्यांचा पैसा गावठाणातील वडिलोपार्जित वाड्यात. आणि तो वाडा घेणार होते गावातलेच एक दुकानदार, ज्यांना तेथे दुकान आणि गुदाम बांधावयाचे होते, व त्यासाठी बँकेने कर्ज द्यावयाचे होते. म्हणजे माणसे चार, दस्त तीन आणि पैसा एकच. तो बँकेतून निघून, तेरच्या वाड्याचा, धाराशिवच्या घराचा आणि चिंचवडच्या सदनिकेचा असे तीन उंबरठे ओलांडून, पुण्याच्या कोणा बांधकाम व्यावसायिकाच्या खाती जमा होणार होता. कागदावर हे किती सरळ दिसते!

या भूमीला असली साखळी नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषी नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात, पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे, आणि तेथून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदरास जाते, असा उल्लेख आहे. ते तगर म्हणजेच हे तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली साधार प्रतिपादन केले. मी त्या गाड्यांचा पुष्कळदा विचार करतो. तगरच्या विणकराला पैठणचा व्यापारी ठाऊक असेल, पैठणच्या व्यापाऱ्याला भडोचचा, भडोचच्या अडत्याला जहाजाचा तांडेल. पण तेरणाकाठच्या विणकराचे पैसे का आले नाहीत याचे कारण समुद्रावरचा वारा फिरला नाही हे असले, तर ते त्या विणकराला कोण सांगणार? त्याने पैठणच्या व्यापाऱ्याला शिव्या दिल्या असतील, आणि त्या व्यापाऱ्याने त्या तशाच पुढे पोचविल्या असतील. साखळीतल्या प्रत्येकाला आपल्या शेजारच्या दोनच कड्या दिसतात. विलंब मात्र बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या कडीत जन्मलेला असतो.

आता इसारपावतीविषयी थोडे. आपल्याकडे शंभरातल्या नव्वद माणसांची अशी समजूत असते की, इसार दिला म्हणजे घर आपले झाले आणि आता फक्त कागद व्हावयाचा राहिला. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५४ वे कलम याच्या नेमके उलट सांगते: विक्रीचा करार हा स्वतः मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण करीत नाही. खरेदीखत नोंदले जाईपर्यंत तुमच्या हाती असते ते घर नव्हे, घर मिळविण्यासाठी भांडण्याचा हक्क असतो. अगदीच हात रिकामे नसतात, हेही खरे. पुढच्याने करार मोडला तर दिलेल्या रकमेपुरता त्या मिळकतीवर बोजा राहतो, आणि करार पुरा करून मागण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून, तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांत लावता येतो. पण दावा लावून घर घेणारा माणूस घरात जातो तेव्हा त्याची मुले मोठी झालेली असतात. हे मी पस्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, आणि माझ्या उपजीविकेविरुद्ध सांगतो.

मुदतीचे कोडे याहून अवघड. स्थावर मिळकतीच्या करारात मुदत हे सामान्यतः कराराचे सार मानावयाचे नाही, हे न्यायालयांचे जुने सूत्र. तारीख चार दिवस टळली म्हणून घराचा सौदा बुडू नये, एवढा समजूतदारपणा त्यामागे होता. पण २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात असे बजावले की, जमिनीच्या किमती वर्षानुवर्षे स्थिर असत त्या काळातले हे सूत्र आहे, आणि आता भाव भराभर चढत असताना त्याचा फेरविचार व्हावयास हवा. हे वाक्य मी वकील म्हणून वाचले तेव्हा मला ते फार पटले होते. पुढे विक्रेत्याच्या वकिलाने नोटिशीत तेच माझ्याविरुद्ध लिहिले, तेव्हा ते तितकेसे पटले नाही.

ती नोटीस कशी आली ते सांगतो. चिंचवडच्या सदनिकेसाठी मी जो साठेखताचा मसुदा मान्य केला, त्यात सहा महिन्यांची मुदत होती, आणि मुदतीत बाकी रक्कम न दिल्यास इसार जप्त होईल असे कलम होते. दुसऱ्या कोणा पक्षकाराने असला कागद माझ्यापुढे ठेवला असता, तर मी त्याला हे कलम काढावयास लावले असते. निदान मुदत ही तारखेशी न बांधता, 'धाराशिव येथील घराचे खरेदीखत नोंदले गेल्यापासून अमुक दिवस' अशी एखाद्या घटनेशी बांधून, तिला वर एक कमाल मर्यादा घालावयास लावली असती. स्वतःच्या बाबतीत मात्र मला घाई झाली होती. वैद्य स्वतःची नाडी पाहत नाही म्हणतात. वकील स्वतःचा दस्त वाचीत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. चार महिने उलटले, तेरच्या शेतकऱ्यांकडून रक्कम येईना, मी त्यांना दर आठवड्यास फोन करी, ते दर आठवड्यास 'बस, झालंच, साहेब' म्हणत, आणि सहाव्या महिन्याच्या अखेरीस पुण्याहून ते रजिस्टर पत्र आले.

माझा एक भाचा लंडनच्या पश्चिमेस राहतो. त्याला हे सारे सांगितले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मामा, इथं तर रोजचंच आहे." विलायतेत या साखळीला रीतसर नाव आहे. घर पाहावयास जाणारा माणूस दलालाला पहिल्याच भेटीत विचारतो की तुमच्या पुढे किती कड्या आहेत. आणि ज्याच्यामागे विकावयाचे घर नाही अशा गिऱ्हाइकाला थोडी कमी किंमत घेऊनही विकणारे पसंत करतात. इंग्लंडात करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणाचेच कोणावर बंधन नसते. जास्त किमतीचे दुसरे गिऱ्हाईक आले तर विकणारा खुशाल शब्द फिरवितो, आणि मधली एक कडी निखळली की सगळ्या घरांचे व्यवहार एकदम कोसळतात. अदलाबदल झाली की मात्र सामान्यतः दहा टक्के अनामत अडकते, ताब्याचा दिवस ठरतो, आणि बहुधा सगळ्या कड्यांचा ताबा त्याच एका दिवशी होतो: सकाळी एकाचे सामान निघते, दुपारी दुसऱ्याचे त्याच दारातून आत जाते. ती पद्धत आपल्याहून चांगली आहे असे मी म्हणत नाही. शब्द फिरविण्याची मुभा देणाऱ्या व्यवस्थेविषयी मला फारसा आदर वाटत नाही. पण तेथे साखळी आहे हे सर्वांना ठाऊक असते. आपल्याकडे साखळी असते, आणि प्रत्येकजण असे धरून चालतो की आपला सौदा समोरच्या एका माणसाशी आहे.

शिवाय आपल्या मराठवाड्यात एका साखळीस छेद देऊन दुसरी साखळी जाते, ती दस्तांची. या मुलखाच्या स्वामित्वाचा इतिहासच मोठा गुंतागुंतीचा आहे. १८५३ साली कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला, आणि १८६० साली तो परत मिळाला. म्हणजे जेथे आपण बसलो आहोत तो सगळा टापू सात वर्षे जवळजवळ गहाणच पडलेला होता. त्यानंतर निजामी अमल, फसली सन, हाली सिक्का, उर्दू दफ्तर. १९४८ची पोलिस कारवाई. १९५०चा हैदराबाद कूळ कायदा. इनामे खालसा करणारा कायदा. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात प्रवेश. प्रत्येक बदलाने एक नवा कागद निर्माण केला आणि जुना रद्द केला नाही. सेतवार, खासरा पत्रक, पहाणी पत्रक, मदतमाश आणि खिदमतमाश इनामांच्या सनदा, हे शब्द पुण्याच्या वकिलाला परके वाटतात. येथे मात्र एखाद्या जमिनीच्या सातबारावर 'भोगवटादार वर्ग दोन' असा शेरा असला तर परवानगी आणि नजराणा यांच्या फेऱ्यात खरेदीदाराची दोन वर्षे सहज जातात. ज्यांना शेतजमीन विकून शहरात घर करावयाचे आहे, त्यांनी इसार घेण्यापूर्वी हा शेरा पाहावा, नंतर नव्हे.

आमच्या वाड्याची गोष्ट गावठाणातली, म्हणून सातबाराचा प्रश्न नव्हता. पण गावठाणाची गोम निराळीच. जेथे नगर भूमापन झालेले नाही, तेथे घराचा आधार म्हणून लोक ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढे करतात. तो वास्तविक कर आकारणीचा तक्ता आहे, मालकीचा पुरावा नव्हे, आणि बँकेचा वकील तो हातात घेऊन परत देतो. ही उणीव भरून काढण्यासाठीच २४ एप्रिल २०२०पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणे मोजून सनदा देण्याचे काम सुरू झाले. या वाड्याच्या नमुना आठमध्ये नाव होते ते शेतकऱ्यांच्या आजोबांचे, जे वारून अर्धशतक लोटले होते. मला हसू आले, आणि शिलाहारांची आठवण झाली. ते कोकणात राज्य करीत, आणि आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तगर सुटून पिढ्या उलटल्या, बिरुद सुटले नाही. आमच्या ग्रामपंचायतींनी ती परंपरा फार निष्ठेने चालविली आहे.

बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचा शोध, मूळ खरेदीखत, आणि सर्व वारसांची संमती मागितली. मूळ खरेदीखत निघाले ते उर्दूत: माहे बहमन, फसली १३५१, म्हणजे १९४१च्या डिसेंबरच्या सुमाराचे, किंमत सिक्का हाली. त्याला जोडलेले एक मराठी भाषांतर होते, टाकाने लिहिलेले, अक्षर मोत्यासारखे. ते अक्षर मी ओळखले. लिंबाखाली बसणाऱ्या मुन्शीजींचे ते होते.

आणि वारसांपाशी येऊन सगळे थांबले. शेतकरी म्हणत होते, "आमची आत्या अडवतीया." आजोबांना दोन मुलगे आणि दोन मुली. थोरली मुलगी निपुत्रिक वारली, तिचा हिस्सा कायद्याने माहेरच्याच वारसांकडे परतला. धाकटी औसा तालुक्यातल्या एका गावी, वय ऐंशीच्या पुढे. आजोबांच्या मागे वारस म्हणून अर्ज झाला होता, त्यात फक्त दोन मुलग्यांची नावे होती. तो अर्जही मुन्शीजींच्याच हातचा होता. मला राहवेना, म्हणून त्यांच्या नातवाकडे गेलो. त्या नातवाने आपल्या आजोबांच्या, म्हणजे मुन्शीजींच्या, रोजच्या कामाच्या वह्या जपून ठेवल्या आहेत, हे आपल्या गावाचे भाग्य. त्या वर्षाच्या वहीत ती नोंद सापडली. अर्जदाराचे नाव, कामाचे स्वरूप, लेखनावळ दीड रुपया. आणि शेऱ्याच्या रकान्यात असे लिहिलेले की, मुली दोन आहेत, नावे विचारली, अर्जदार लिहू नका म्हणाले, लिहिली नाहीत.

आज ज्यांचे पुण्यस्मरण आपण करीत आहोत त्यांच्याविषयी हे सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला. त्यांच्या कुटुंबीयांनी सांगा म्हटले, म्हणून सांगत आहे. मुन्शीजी पक्षकार सांगेल तो अर्ज लिहिणारे होते. ज्याने दीड रुपया दिला त्याच्या शब्दाबाहेर जाण्याचा अधिकार त्यांना नव्हता. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलींना बापाच्या मिळकतीत वारसहक्क दिलेला आहे, हे त्यांना नक्की ठाऊक असले पाहिजे; नाहीतर त्यांनी नावे विचारलीच नसती. अर्जात जे लिहिता आले नाही, ते त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवले. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते ओळखले, असे आपण याच गावात ऐकत आलो. मुन्शीजींना हा अर्ज कच्चा असल्याचे त्याच दिवशी कळले होते, आणि तरी तो भट्टीत गेला. आमच्या चौदा महिन्यांच्या विलंबाचा जन्म माझ्या इसारपावतीच्या दिवशी झालेला नव्हता. तो त्या दीड रुपयाच्या दिवशी झाला होता.

शेतकऱ्यांबरोबर मी औश्याकडे गेलो. आत्याबाईंनी चहा दिला, भाच्याची चौकशी केली, शेतात काय आहे ते विचारले. मग म्हणाल्या की, माझ्याकडे दोनदा कागद आला, सही कर म्हणून. मी नाही कुठं म्हणले? मी म्हणले, काय लिवलंय ते कुणीतरी येऊन वाचून दाखवा. कुणी आलंच नाही.

मंडळी, चार महिने आम्ही ज्याला अडवणूक म्हणत होतो, ती एवढीच होती. तो कागद हक्कसोडपत्राचा होता, मोबदला काही नाही. आपल्या भागात बहिणीकडून हक्कसोड घेण्याची एक ठरलेली रीत आहे: एक लुगडे, एक जेवण, आणि अंगठा. मी स्वतः असली कितीतरी हक्कसोडपत्रे नोंदवून दिली आहेत, आणि त्या वेळी मला त्यांत काही वावगे दिसले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या दिवशी मी तो कागद अथपासून इतिपर्यंत वाचून दाखविला. 'स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता' या शब्दांशी आल्यावर त्या म्हणाल्या, "हे कुणाच्या खुशीनं?" भाच्याने मान खाली घातली. मग मी सुचविले की, हक्कसोड नको. आत्याबाईंनी खरेदीखतातच लिहून देणार म्हणून सामील व्हावे, आणि किमतीतला त्यांचा वाटा त्यांच्या खाती थेट जमा व्हावा. परतताना भाचे गाडीत बराच वेळ गप्प होते. धोकीच्या अलीकडे म्हणाले, "साहेब, ह्ये बरोबरच हाय, पर मग तुमच्या घराला मला तेवढं कमी पडतंय." आता हे कमी पडणारे माझ्याकडे आले, माझ्याकडून पुण्यास जाणार. साखळी म्हणतात ती हीच.

तेव्हा मी एक गोष्ट केली, जी पहिल्या महिन्यातच करावयास हवी होती. चौघांनाही एकत्र बसविले. जागा तोच वाडा, त्याची ओसरी. शेतकरी, दुकानदार, आत्याबाईंचा मुलगा आणि मी, आणि चिंचवडचे गृहस्थ फोनवर, तो फोन एका पाटावर मोठा आवाज करून ठेवलेला. दुकानदारांनी सांगितले की बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत सहा महिन्यांची आहे आणि त्यातले दोनच उरले आहेत. शेतकऱ्यांनी आपले कमी पडणारे पैसे सांगितले. मी माझी नोटीस वाचून दाखविली. आणि मग फोनमधून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "खरं सांगायचं तर, माझ्या नव्या इमारतीचा ताबाच आठ महिने पुढे गेलाय. तुम्ही आज पैसे दिलेत तर मला राहायला जागा नाही."

ओसरीवरचे सगळे हसले. ज्या माणसाने मुदत टळली म्हणून मला वकिलाची नोटीस दिली, त्याला मुदत टळणेच हवे होते; पण मला ते कळले तर मी दुसरीकडे वळेन, किंवा किंमत पाडून मागेन, या भीतीने तो घाई दाखवीत होता. मी माझ्या उशिराचे कारण त्याच्यापासून दडविले होते, त्याने त्याच्या उशिराचे माझ्यापासून. दोघांनीही वकिलांना शुल्क दिले, त्यातला एक तर मीच होतो. चिंचवडच्या गृहस्थांच्या बाजूने २०१६चा स्थावर संपदा कायदा होता, त्याच्या १८ व्या कलमाखाली ताबा उशिरा मिळाल्याबद्दल व्याज मागता येते, हे मी त्यांना फोनवरच सांगितले. आणि आयकरातली जी सवलत जुने घर विकून नवे घेणाऱ्यास मिळते तिच्या मुदती मोजून घ्या, म्हणजे घाईने माझे खरेदीखत करून त्या अंगावर याव्यात असे होणार नाही, हेही सांगितले. ज्याच्याशी सहा महिने भांडलो, त्याचा मी त्या सायंकाळी फुकट सल्लागार झालो.

त्याच बैठकीत मुदतवाढीचा लेख ठरला. तो मी लिहिला, आणि या खेपेस आधी स्वतः तीनदा वाचला. तारखेऐवजी क्रम लिहिला: प्रथम तेरचे खरेदीखत, त्यापासून पंधरा दिवसांत धाराशिवचे, त्यापासून तीस दिवसांत चिंचवडचे, सर्वांस मिळून आठ महिन्यांची शेवटची हद्द, आणि ती ओलांडली तर इसार बिनव्याजी परत, जप्ती नाही. चिंचवडच्या घराची सोसायटीची देखभाल वर्गणी त्या काळात मी भरावी असे मीच सुचविले. त्यांनी किमतीत शेतकऱ्यांच्या तुटीइतकी नव्हे, पण तिच्या निम्मी सूट दिली, उरलेली निम्मी मी सोसली. या सौद्यात मला तोटा झाला असे माझ्या मुलाचे मत आहे. हिशेब पाहिला तर त्याचे खरे आहे.

दस्त लिहून सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीस हजर करावा लागतो, हे १९०८च्या कायद्याचे बंधन सर्वांना समजावून मी सह्या आणि नोंदणी एकाच दिवशी ठेवली. त्या दिवशी सकाळी आत्याबाईंना घेऊन त्यांचा मुलगा धाराशिवच्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आला. त्यांनी कागद पुन्हा वाचून मागितला, आणि मी पुन्हा वाचला. 'लिहून देणार क्रमांक तीन' येथे त्यांचे सासरचे नाव होते. त्या म्हणाल्या, बापाचंबी घाला, वाडा त्याचा हाय. मसुदा पुन्हा छापावा लागला. मग अंगठ्याच्या यंत्रापाशी गाडी अडली. आयुष्यभर भांडी घासून आणि पिकांची काढणी करून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्राला काही दिसेना. यंत्र चालविणाऱ्या मुलाने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, कोरडा केला, दाबून धरला. एकदा, दोनदा, पाचदा. मागे रांग वाढत होती, दुकानदार घड्याळ पाहत होते, पुण्याहून माझ्या फोनवर दोन संदेश येऊन पडले होते, आणि भाच्याने अखेर न राहवून म्हटले, "आत्या, जरा जोरात दाब की."

"थांब की," त्या म्हणाल्या, "वाडा काय पळून चाललाय व्हय?" आणि अंगठा पदराला पुसून त्यांनी तो पुन्हा काचेवर ठेवला.